सुलाबाईने भरलेला कर

सरकारी माणूस दंड करून गेला की सुलाबाईला हायसं वाटायचं. दंड न करताच गेला, तर मात्र दोन-दोन दिवस तिला घास गोड लागत नसे.

झरीच्या पुढे फाट्यावरून आत वळलं की तिचं गाव. ती लग्न होऊन आली तेव्हा नवरा सिताराम आणि दीर चंद्रभान गायरानातली माळजमीन कसत होते. जमीन सरकारची, गुरं चारायची. कसणारी घरं सगळी बौद्ध वस्तीतली, आणि त्यांतल्या एकाच्याही नावावर कुठे वीतभर रान नव्हतं. दगड वेचून, बाभळी खणून त्यांनी तिथे ज्वारी केली. गावातल्या काहींनी उभ्या ज्वारीत गुरं घातली, कुणी बांधावर उभं राहून आयाबहिणी काढल्या. ते दिवस सुलाबाई फारसे सांगत नाही. ती सांगते ते तलाठ्याचं.

तलाठी वर्षातून एकदा यायचा. कुणाचं अतिक्रमण किती, ते रजिस्टरात लिहायचा आणि दंडाची पावती फाडायचा. पावतीवर नाव, गट नंबर आणि साल. परभणीहून सभेला आलेल्या एका वकिलाने वस्तीला बजावून ठेवलं होतं, की जमीन आम्ही कसतो हे तुम्ही तोंडाने कितीही सांगा, कुणी ऐकणार नाही. दंडाची पावती हाच तुमचा पुरावा. तेव्हापासून वस्तीतली माणसं दंड मागून घ्यायला लागली.

एका वर्षी तलाठी घाईत होता. चार घरांचे दंड करून तो फटफटीवर बसला. सिताराम ऊसतोडीला गेलेला, सुलाबाईला सातवा महिना. ती ओढ्यापर्यंत त्याच्यामागे पळत गेली.

"सायेब, आमाला दंड करा की! आमी काय पाप केलं?"

तलाठी थांबला आणि हसायला लागला. "बाई, लोकं दंड माफ करा म्हणून पाया पडतात माझ्या."

"त्यांची नावं सात-बाऱ्यावर असत्याल, सायेब. आमचं नाव तुमच्या त्या चिठ्ठीबिगर कुठंच न्हाई."

त्याने फटफटीच्या सीटवर वही ठेवून पावती फाडली. सुलाबाईचं ते बाळ जगलं नाही. पावती राहिली.

चंद्रभानचं निराळं झालं. गावातल्या दिनकररावांकडे तो सालगडी होता. एका संध्याकाळी दिनकररावांनी त्याला ओसरीवर बसवून चहा पाजला आणि एका कागदावर अंगठा घेतला. 'गायरानात माझं अतिक्रमण नाही' एवढंच त्या कागदावर होतं. पुढे सरकारचा निर्णय आला, जुनी अतिक्रमणं नावावर करून द्यायची. तहसीलच्या यादीत सिताराम होता, चंद्रभान नव्हता. दोघे भाऊ एकाच दिवशी कुदळ घेऊन त्या माळावर गेले होते. चंद्रभान त्यानंतर पंधरा वर्षं जगला, पण भावाच्या शेतात पाय ठेवला नाही त्याने.

म्हणून सुलाबाईला सरकार असं कळलं होतं: ते आधी दंड करतं, मग नाव लावतं. बरीच वर्षं लावतं, पण लावतं. आणि नाव लागलं की पुढचं आपोआप येतं. आलंही. सिताराम काविळीने गेला त्याच्या पुढच्या वर्षी नव्या रस्त्यात शेताची कडेची पट्टी गेली आणि सुलाबाईच्या खात्यात मावेजा, म्हणजे जमिनीची भरपाई, जमा झाला. दीड लाखावर थोडे. बँकेतल्या बाईने पासबुक छापून दिलं तेव्हा सुलाबाईने ते लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं आणि पिशवीत घातलं. जी जमीन तुमची नाही म्हणून सरकार दरसाल दंड घ्यायचं, तीच जमीन त्याने पैसे मोजून विकत घेतली होती.

त्या मावेजावर चंद्रभानचा मुलगा सिद्धोधन याची नजर गेली, असं आता लोक म्हणतात. ते तितकंसं खरं नाही. सिद्धोधन सेलूला शिकवणी घ्यायचा, गणिताची. शाळेत नोकरी लागण्यासाठी जे लागतं ते त्याच्याकडे नव्हतं. नांदेडच्या कुण्या सरांनी त्याला मोबाइलवरच्या नाण्यात, क्रिप्टोत, आणलं होतं. त्याने स्वतःचं साठवलेलं सगळं त्यात घातलं होतं, आणि काकीला बाहेर ठेवणं त्याला आपलेपणाचं वाटलं नव्हतं.

"काकी, बँकेत ठेवून काय वाढतंय? हे नाणं असं हातात धरायचं न्हाई. मोबाइलात असतंय."

"दिसत न्हाई ते घेऊन काय करू?"

"पैसा बँकेत तरी दिसतोय का तुला?"

सुलाबाई भाकरी थापत होती. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि तिचा तो एकच प्रश्न विचारला. "सरकारचं काय म्हणणं हाय ह्याच्यावर?"

"सरकारनं तीस टक्के कर लावलाय ना!" सिद्धोधन म्हणाला. खरं तर ही अडचणीची गोष्ट तो शेवटी, हळूच सांगणार होता.

सुलाबाईचा हात थांबला. "लावला? नक्की?"

त्याने बातमी वाचून दाखवली. अर्थसंकल्पात आलेलं, कायद्यात बसलेलं. शिवाय सरकार आता त्याच्यासाठी वेगळे नियम करण्याच्या विचारात आहे, असंही कुणीकुणी लिहिलेलं.

"मग असं सांग की आधी," ती म्हणाली.

मुलगी नीलम तेव्हा बारावीला होती. दोन बाळं गेल्यावर उशिरा झालेली ही एकच. कोपऱ्यात जीवशास्त्राचं पुस्तक घेऊन बसलेली ती मान वर न करता बोलली, "आई, कर दारूवरबी हाय."

"मग दारूचं दुकान बंद हाय का?" सुलाबाई म्हणाली.

सिद्धोधन इतका हसला की नीलमलाही हसू आलं. दुसऱ्या दिवशी मावेजा नाण्यात गेला.

पुढचं वर्षभर घरात बरं चाललं होतं. नीलमला नांदेडला बीएस्सी नर्सिंगला जागा मिळाली. फी माफ होती. वसतिगृहात नंबर लागला नाही, म्हणून तिने दोघींत एक खोली घेतली. खोलीचं भाडं आणि मेस समाजकल्याणच्या स्वाधार योजनेतून निघायची. ते पैसे उशिरा यायचे. मधले महिने सुलाबाई म्हशीच्या दुधावर भागवायची. रोज पहाटे फाट्यावर कॅन नेऊन द्यायची आणि दहा दिवसांनी हिशेब झाला की शाळेतल्या गुरुजींच्या मुलाकडून नीलमला फोनवर पाठवायची. नीलमचं चौथं वर्ष संपलं की तिला पगार सुरू होणार होता. सुलाबाईचं सगळं त्या चार वर्षांवर टांगलेलं होतं, आणि नाणं हे त्याच्यावरचं जास्तीचं होतं. लग्नाला, नाहीतर एखाद्या खोलीला.

मोबाइलात नाणं वाढत होतं. दर रविवारी सिद्धोधन आकडा दाखवायचा. शेजारची कस्तुराबाई कुंपणावरून विचारायची, "काय सुलाबाई, आज किती अंडी दिली तुझ्या कोंबडीनं?"

"तुज्या कोंबड्यापेक्षा जास्त. त्यो नुसता वरडतोय."

उन्हाळ्यात तिने थोडे पैसे काढायला सांगितले तेव्हा ते निघाले नाहीत. सिद्धोधनने दहादा दाबून पाहिलं. नांदेडच्या सरांनी फोनवर सांगितलं, सरकार कायदा करतंय, म्हणून सध्या सगळं थांबवलंय. ज्यांचा कर भरलेला असेल त्यांचे आधी सुटतील. कराची रक्कम सरांच्याच खात्यावर टाकायची, पुढचं ते बघतील.

सुलाबाईला त्या दिवशी माणूस ओळखल्याचा आनंद झाला. "सरकारचा कर त्या सरला कशाला? दंड तलाठ्याला द्यायचा का शेजाऱ्याला? येडी समजायलाय का मला त्यो?"

सिद्धोधनने स्वतःचा कर सरांच्या खात्यावर दोन दिवसांपूर्वीच टाकला होता.

ती परभणीला गेली. स्टेडियमजवळच्या एका गाळ्यात रंगनाथ नावाचा माणूस लोकांची रिटर्न भरून द्यायचा. चष्मा कपाळावर, टेबलावर पेढ्याच्या खोक्यात स्टेपलर आणि शिक्के. सिद्धोधनने मोबाइलमधून काढून दिलेले कागद त्याने बराच वेळ उलटसुलट केले. नाणं कधी घेतलं, कधी विकलं, पुन्हा घेतलं, पुन्हा विकलं, सगळं व्यवस्थित छापलेलं. शेवटी नफा दोन लाख ऐंशी हजार.

"मावशी, हे पैसे हातात आले का?"

"यायचेत."

"मग आधी येऊ द्या की. आले की भरू कर."

"कर भरल्याबिगर येत न्हाईत."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते," सुलाबाई म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं सोळा वर्षं भरून मंग जमीन घेतली. तुमी भरा."

रंगनाथने चष्मा डोळ्यांवर घेतला. सुलाबाईच्या मागे तीन माणसं उभी होती. "तुम्ही सांगाल ते मी भरतो. कागदावर विक्री दिसतेय, त्यामुळं कर बसतोच. पण मला विचाराल तर घरी जा आणि आठ दिवस विचार करा."

तिने आठ दिवस घेतले, ते विचारात नाही गेले. त्या आठवड्यात तिने म्हैस विकली आणि गळ्यातली सोन्याची पोत मोडली. कर आणि त्यावरचा उपकर मिळून सत्त्याऐंशी हजार तीनशे साठ रुपये झाले होते. म्हैस टेम्पोत चढेना, तेव्हा सुलाबाईनेच पुढे होऊन तिला चुचकारत वर घेतलं. कस्तुराबाई कुंपणाशी उभी होती. त्या दिवशी तिने काही विचारलं नाही.

कर भरल्याचा, रिटर्नचा कागद मिळाला, त्यावर तिचं नाव होतं, पूर्ण, सिताराम या नावासकट. सुलाबाईने त्याच्या दहा झेरॉक्स काढल्या. एक ग्रामपंचायतीत दिली. ग्रामसेवक म्हणाला, ह्याचं मी काय करू? ती म्हणाली, ठिवा. एक बँकेत दिली, एक तहसीलच्या आवक-जावक टेबलावर देऊन पोच घेतली. गायरानाच्या वेळी वस्तीतल्या माणसांनी असंच केलं होतं. कुठल्या कपाटातला कागद कधी उपयोगी पडेल ते सांगता येत नाही, म्हणून प्रत्येक कपाटात एक असू द्यावा. लोक सरकारपासून कमाई लपवतात. सुलाबाई तालुकाभर स्वतःच्या कमाईचे कागद वाटत फिरली, आणि ती कमाई तिने पाहिलेलीही नव्हती.

पैसे सुटले नाहीत. गणपती गेले, दसरा गेला. नांदेडच्या सरांचा फोन लागेनासा झाला. सिद्धोधनने शिकवणी बंद केली आणि तो पुण्याला कुठल्याशा गोदामात लागला. तिथून तो फोन करायचा आणि नव्या बातम्या सांगायचा, सरकार अमुक करायलंय, सरकार तमुक करायलंय. बातम्या खोट्या नसायच्या. सुलाबाई त्या ऐकून घ्यायची.

नोव्हेंबरात नीलमला स्वाधारच्या दुसऱ्या वर्षासाठी उत्पन्नाचा नवा दाखला लागला. मर्यादा अडीच लाखांची. दरवर्षी साठ हजारांचा दाखला बिनबोभाट मिळायचा. सुलाबाईने सेतूत जाऊन अर्ज केला, रेशनकार्ड जोडलं, सात-बारा जोडला आणि सगळ्यांत शेवटी रिटर्नची झेरॉक्स जोडली. सेतूतल्या मुलीने जे पुढे आलं ते स्कॅन करून वर पाठवलं.

तीन दिवसांनी तलाठीबाईंनी बोलावलं. राजेश्री मॅडम नव्या होत्या, चहासुद्धा स्वतःच्या पैशाने पिणाऱ्या.

"काकू, हे शेवटचं कुणी जोडायला सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला पायजे? मीच जोडलं. एक परत तुमच्याकडंबी असू द्या."

"ह्याच्यावर तुमचं उत्पन्न दोन लाख ऐंशी हजार आहे."

"हां, ते नाण्याचं."

"आणि शेतीचं साठ. म्हणजे तीन लाख चाळीस."

"ते हातात कुठं आलंय मॅडम? ते अडकलंय."

"पण तुम्ही सरकारला लिहून दिलंय की आलं. त्याच्यावर कर भरलाय."

"मंग? भरला ते चांगलंच केलं ना?" सुलाबाईला खरोखरच कळेना, या बाईचा चेहरा असा का झालाय.

राजेश्री मॅडमनी पेन खाली ठेवलं. "काकू, मी साठ हजाराचा दाखला आता कुठल्या तोंडानं देऊ? अर्जातच कागद आहे. काढून टाकता आला असता तर मी काढला असता, पण तो वर गेलाय. मला तीन चाळीसच लिहावं लागेल. आणि मग तुमच्या मुलीला स्वाधार बसत नाही. तुमचे महिन्याचे लाडक्या बहिणीचे पैसे आहेत ना, तेही जातील. कर भरणाऱ्या घराला ते नसतात."

सुलाबाईने खुर्चीच्या दांडीवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हणजे सरकारनं मानलं म्हणा की."

"काय मानलं?"

"की माझ्याकडं तेवढं हाय."

तलाठीबाईंनी रंगनाथचा नंबर मागून घेतला, तिथल्या तिथे फोन लावला आणि वाट काढली. रिटर्न दुरुस्त करता येतं. एकतीस डिसेंबरपर्यंत. नाणं खोटं होतं, व्यवहार झालेच नाहीत, असं लिहून द्यायचं, फसवणुकीची तक्रार पोलिसांत द्यायची. भरलेला करही आज ना उद्या परत मागता येईल. दुरुस्त झालं की त्या नवीन दाखला देतील, आणि समाजकल्याणला दहा जानेवारीपर्यंत चालेल.

असा साधा रस्ता होता. सुलाबाई त्यावर महिनाभर चालली नाही. आज पाय दुखतो, आज कापूस वेचायचाय, आज सिद्धोधनचा फोन यायचाय.

तिला काही कळतच नव्हतं, असं नाही. सरांचा फोन लागेनासा झाला त्याच आठवड्यात तिला कळलं होतं. पण ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही मोठ्याने नाही. ज्या पट्टीसाठी ती सात महिन्यांचं पोट घेऊन ओढ्यापर्यंत पळाली होती, त्या पट्टीचे ते पैसे होते. जोवर कुठल्या तरी सरकारी कागदावर ते पैसे आहेत असं लिहिलेलं होतं, तोवर ते तिने घालवले असं होत नव्हतं.

नांदेडला डिसेंबरपर्यंतचं भाडं कसंबसं दिलं होतं, पुढे उधारी चालणार नाही म्हणून खोलीमालकाने सांगितलं. मेसवाल्याने डबा आधीच बंद केला होता. नीलम आणि तिची जोडीदारीण एका डब्यात दोघी जेवत होत्या. हे सगळं नीलमने फोनवर एका दमात सांगितलं आणि म्हणाली, "मी परभणीला येते एकतीसला. तूबी ये. रंगनाथकाकांकडंच ये सरळ."

एकतीस तारखेला रंगनाथच्या गाळ्यात बसायला जागा नव्हती. तरी त्याने दोघींना आत घेतलं. नीलम वाळली होती. कॉलेजचा पांढरा एप्रन घडी करून तिने मांडीवर ठेवला होता, कारण सकाळची ड्युटी करून ती तशीच निघाली होती.

रंगनाथने सगळं तयार ठेवलं होतं. "मावशी, आता तुमच्या मोबाइलवर सहा आकड्यांचा नंबर येईल. तो मला सांगायचा. झालं काम."

"काय लिवलंय त्यात? वाचून दाखवा."

"लिहिलंय की ह्या नाण्यापासून तुम्हाला कुठलंही उत्पन्न झालेलं नाही."

"आणि नाणं?"

"नाणंच नाही मावशी. नाणं नव्हतंच."

"म्हणजे माझं काही न्हाई, असं मीच लिवून द्यायचं."

"लिहायचं नाही, नुसता नंबर सांगायचा."

"नंबर म्हणजे अंगठाच ना," सुलाबाई म्हणाली.

मोबाइल वाजला. तिने तो पिशवीतून काढून डोळ्यांजवळ धरला. चौथीपर्यंत शिकलेली ती, आकडे तिला नीट वाचता यायचे. रंगनाथ बोटं कळांवर ठेवून थांबला.

"सांगा."

सुलाबाई पडद्याकडे बघत होती.

"आई, सांग की," नीलम म्हणाली.

"चंद्रभानभाऊजीनं असंच दिलं होतं. च्या पिऊन." ती कुणाकडे न बघता बोलत होती. "लोकं म्हनतात त्याला धमकावलं. कुणी धमकावलं न्हाई. नुसतं म्हनले, ठिव इथं बोट. जन्मभर बोटाकडं बघत बसला त्यो."

"मावशी, ती जमीन होती," रंगनाथ म्हणाला. "ती माळावर दिसत होती."

नंबरची वेळ संपली. त्याने पुन्हा पाठवला. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "अहो रंगनाथराव, आज तारीख बदलंल, आमचं बी बगा!" मोबाइल पुन्हा वाजला. सुलाबाईने आता तो मांडीवर उपडा ठेवला आणि वर हात ठेवला.

नीलमला तो हात बाजूला करता आला असता. आईच्या हातात एवढा काही जोर राहिला नव्हता. तिने एकदा हात पुढे नेलाही. मग तो एप्रनवर परत ठेवला.

"आई, सिद्धूदादा गोदामात पोती उचलायलाय. त्याचंबी नाणंच होतं ना? मग त्यो कशाला उचलायलाय पोती?"

"पंधरा दिवस थांब म्हनला त्यो सकाळी. कायदा यायलाय."

"येऊ दे की. आला तर आला. मला दहा तारखेला कागद पायजे."

"तुला मी देते. कुठूनबी देते. महिन्याचं किती लागतंय ते सांग."

"कुठून? म्हैस हाय का?"

रंगनाथने तिसऱ्यांदा नंबर पाठवला आणि खुर्ची मागे सरकवून दुसऱ्या माणसाचे कागद घेतले, म्हणजे दोघींना बोलता यावं. मोबाइल सुलाबाईच्या हाताखाली थरथरला आणि थांबला. दहा मिनिटं ती तशीच बसून होती. एकदा ओठ हलले. रंगनाथने झटकन मान वर केली. पण ती पाणी मागत होती.

नीलमने कोपऱ्यातल्या माठातून पाणी आणून दिलं. आईने ते पिऊन होईपर्यंत ती उभी राहिली. मग रिकामा ग्लास पालथा घालून एप्रन पिशवीत कोंबला.

"राहू द्या काका," ती रंगनाथला म्हणाली. "तुमची लोकं खोळंबलीत."

"मी आठ वाजेपर्यंत आहे. बारापर्यंत चालतं तसं," तो म्हणाला. "घेऊन ये तिला."

नीलमने मान हलवली, पण ती होकाराची नव्हती.

बसस्टँडवर दोघी एका बाकावर बसल्या. नांदेडची गाडी लागायला अर्धा तास होता. सुलाबाईने पिशवीतून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली. नीलमने दोन्ही भाकऱ्या खाल्ल्या, हात धुतले नाहीत, ओढणीला पुसले.

"झरीच्या दवाखान्यात बाई पायजे म्हणत होते," ती म्हणाली. "नर्सिंगचं एक वर्ष झालेलं चालतंय म्हणले. इंजेक्शन येतं का एवढंच विचारलं."

"पुढच्या वर्षी जाशील परत."

"बघू."

"जाशील म्हनते मी."

फलाटावर गाडी येऊन लागली तशी नीलम उठली, पुन्हा थांबली. "खोलीवरच्या गादीचं काय करू?"

"आण की. कापूस नवाच हाय त्यातला."

"कंडक्टर आत घेत न्हाई. टपावर टाकायला लावतेत. फाटंल."

"मंग दे तुझ्या जोडीदारणीला."

"तिला देते. बादली आणते. बादलीत पुस्तकं बसतेत." नीलम पायरीवर चढली आणि मागे वळली. "आजच्या रात्री तिथंच झोपते मी. उद्या येते."

"राहा. एवढ्या रात्रीची कशाला येतीस."

"आजपर्यंतचं भाडं भरलेलं हाय," नीलम म्हणाली आणि आत गेली.

मागची माणसं चढायला घाई करत होती. सुलाबाई दारातून बाजूला झाली. नीलमला खिडकीजवळची जागा मिळाली होती, पण काच वर सरकत नव्हती. आतून ती काहीतरी म्हणाली, ते खाली ऐकू आलं नाही. सुलाबाईने तरी मान हलवली.